राखणदाराचं बदक

एका गावात एक मोठं तळं होतं, आणि तळं होतं म्हणून एक राखणदारही होता. राखणदाराचं नाव रखमाजी. माणूस कामाला चोख, बोलायला थोडा, आणि नियमाच्या बाबतीत इतका कडक की सख्खा भाऊ जरी बांधावर गळ टाकून बसला असता तरी त्यानं त्याला हाताला धरून उठवलं असतं. गावाला त्याचा धाक होता. हे त्यालाही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला आवडतही होतं.

तळ्याचा एक जुना नियम होता. तळ्यावरचं रानपाखरू कुणी घरी नेऊन पाळायचं नाही. हा नियम उगीच झाला नव्हता. फार पूर्वी या गावातली माणसं फार दयाळू होती. गवतात एखादं पिल्लू एकटं दिसलं की "याला आई नाही" म्हणत ती ते उचलून घरी न्यायची. आई बिचारी जवळच लव्हाळ्यात दडून माणूस जाण्याची वाट बघत असायची. अशी दया करता करता गावानं तळं ओस पाडलं. घरोघरी डालग्याखाली पाखरं, आणि पाण्यावर एकही नाही. तेव्हाच्या जाणत्यांनी मग हा नियम केला. हळूहळू पाखरं परत आली, नियम राहिला आणि त्याचं कारण मात्र लोक विसरून गेले. रखमाजीही विसरला होता. त्याला नियम तेवढा पाठ होता.

वर्षातून दोनदा, पावसाच्या तोंडाला आणि दिवाळी झाल्यावर, रखमाजी हलगी घेऊन गावभर दवंडी द्यायचा. कुणी पाखरू पाळलं तर त्यानं ते सोडायचं आणि पारावर सगळ्यांसमोर कबूल करायचं, हीच शिक्षा. ऐकायला साधी वाटते, पण भरल्या पारावर मान खाली घालून उभं राहणं कुणालाच नको असतं.

आदल्या वर्षी ही पाळी कोंडाबाईवर आली होती. कोंडाबाई भाजी विकायची. धुण्याच्या घाटावर तिला पंख मोडलेली एक पाणकोंबडी सापडली, ती तिनं परसात टोपलीखाली ठेवली. रखमाजीला कळलं तसा तो दारात हजर झाला. पंख जुळेपर्यंत राहू द्या, असं ती म्हणाली. रखमाजीनं ऐकलं नाही. नियमात पंखाचं काही सांगितलेलं नाही, असं तो म्हणाला. संध्याकाळी पाणकोंबडी तळ्यावर सोडली, सकाळी काठावर नुसती पिसं पडलेली होती. कोंडाबाई पारावर उभी राहिली, चूक कबूल केली आणि भाजीची पाटी उचलून निघून गेली. रखमाजीला त्या दिवशी छान झोप लागली.

आता श्रावणातली गोष्ट. पावसाची मोठी सर येऊन गेली होती आणि रखमाजी बांधावरून फेरी मारत होता. एक बदकीण आपली पिल्लं घेऊन गाडीवाट ओलांडताना त्यानं पाहिली. चोचीच्या टोकाला हळदीचं बोट लावल्यासारखी पिवळी खूण आणि चोचीच्या मुळाशी कुंकवासारखे लाल ठिपके. गावातल्या बायका म्हणूनच या पाखरांना हळदीकुंकवाची बदकं म्हणत. तेवढ्यात बाभळीच्या बुंध्याआडून मुंगूस झेपावलं. एकच गलका झाला. रखमाजी काठी आपटत धावला, मुंगूस पळालं, बदकीण पिल्लांना घेऊन पाण्यात शिरली. एक पिल्लू मात्र बाभळीच्या मुळात अडकून राहिलं. त्याचा पाय फाटला होता.

रखमाजी लांब जाऊन बसला. आई परत येईल म्हणून त्यानं दिवस मावळेपर्यंत वाट पाहिली. ती आली नाही. पिल्लू ओरडून ओरडून गप्प झालं आणि त्याची मान कलंडायला लागली. मग त्यानं ते उचललं, मुंडाशात गुंडाळलं आणि घरी आणलं.

इथवर त्याचं काही चुकलं नाही, असं माझं म्हणणं आहे. मरणाऱ्या जिवाकडे पाठ फिरवायला सांगणारा नियम कुणी शहाण्या माणसानं केलेला नसतो. चूक झाली ती पुढं, आणि एकदम झाली नाही. रोज थोडी थोडी होत गेली.

रखमाजीची बायको तान्हाई. तिनं हळदीचा लेप करून पिल्लाच्या पायाला लावला. लेकी सासरी गेल्यापासून त्या घरात दोघंच होती, आणि दोघांनाही बोलायला विषय उरला नव्हता. आता विषय मिळाला. आज त्यानं किती कण्या खाल्ल्या, आज ते लंगडत उंबऱ्यापर्यंत कसं आलं, हेच दिवसभर चालायचं. त्यांनी पिल्लू आधी काळ्या कोंबडीच्या पंखाखाली सरकवून पाहिलं, पण कोंबडीनं त्याला टोचून बाहेर काढलं. तेव्हापासून ते रखमाजीच्याच मागं लागलं. तो भाकरी खायला बसला की मांडीला टेकून बसायचं. तो उठला की उठायचं. उभ्या जन्मात रखमाजीच्या मागं असं कुणी फिरलं नव्हतं. लोक त्याला पाहून वाट बदलायचे, आणि हे इवलंसं पोर त्याच्या पायात घोटाळायचं.

पाय बरा झाला तशी तान्हाई म्हणाली, आता सोडायला हवं. रखमाजी म्हणाला, हो, सोडायलाच हवं, पण पाऊस ओसरू दे. पाऊस ओसरला तेव्हा पितृपंधरवडा लागला. पितरांच्या दिवसांत नवीन काही करू नये, असं तो म्हणाला. मग घट बसले. घट बसलेले असताना घरातलं कुणी बाहेर काढत नाहीत, असं त्यानं सांगितलं. हा रिवाज कुठला म्हणून तान्हाईनं विचारलं, तर तो ओसरीवर निघून गेला. दसरा झाला आणि दिवाळी तोंडावर आली. सणासुदीला का घालवायचं, असं या वेळी तान्हाईच म्हणाली. म्हणजे पंचांग दोघांनाही सोयीचं झालं होतं.

पाखराला मात्र पंचांग कळत नाही. त्याला पंख फुटले, चोचीवर कुंकवाचे ठिपके उमटले. एका सकाळी परसातल्या पाण्याच्या दगडी डोणीत न्हाता न्हाता त्यानं पंख असे काही फडफडवले की ते हातभर वर उचललं गेलं. तळ्यावरून बदकांचा थवा चालला होता. ते मान वाकडी करून आभाळाकडे बघत राहिलं. रखमाजी हे बघत होता. तो घरात गेला, तान्हाईच्या चरख्याचा मऊ दोरा आणला आणि पाखराचा एक पंख हलक्या हातानं बांधून टाकला. बाहेर कुत्री आहेत, मुंगसं आहेत, याच्याच भल्यासाठी बांधतोय, असं तो स्वतःशी म्हणाला. तान्हाईनं ते पाहिलं आणि ती आत निघून गेली.

आपण नियम मोडला का, हा प्रश्न रखमाजीला पडत नव्हता असं नाही. रोज पडायचा. पण प्रश्न विचारणारा तोच आणि उत्तर देणाराही तोच, त्यामुळे उत्तर दर वेळी त्याच्या मनासारखं यायचं. आपण पाखरू काही पाळलेलं नाही, नुसतं सांभाळतोय, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

दिवाळी झाली. दवंडीचा दिवस आला. रखमाजीनं नवं मुंडासं बांधलं, हलगी शेकून घेतली आणि तो निघाला. गडबडीत परसाची ताटी लावायची राहून गेली. तो वेशीजवळ थांबला, हलगी वाजवली आणि खड्या आवाजात ओरडला, "ऐका हो ऐका. तळ्यावरचं पाखरू कुनी पाळू नगा हो. पाळंल त्यो पारावर हुबा ऱ्हाईल हो."

लोक दारात आले, पण नेहमीसारखे गप्प राहिले नाहीत. कुणीतरी खुदकन हसलं. रखमाजी पुढच्या आळीत गेला, तिथंही तेच. तिसऱ्या आळीत बायकांनी तोंडाला पदर लावले. त्याला वाटलं, मुंडासं वाकडं झालं असेल. त्यानं ते चाचपलं. मग हलगी थांबली तेव्हा त्याला मागून ओळखीचा आवाज ऐकू आला. त्यानं वळून पाहिलं. रस्त्याच्या मधोमध, पंखाला दोरा बांधलेलं त्याचं बदक डुलत डुलत त्याच्या मागं येत होतं, आणि वेशीपासून ते तसंच चाललं होतं.

सारा गाव पारावर जमला. पाटील मोठ्या मनाचे होते आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. रखमाजीची अशी फजिती पाहायला मिळाली म्हणून गाव खूश होता, आणि बदक तर सगळ्यांनाच आवडलं होतं. इतकी वर्षं यानं ऊन-पाऊस न बघता तळं राखलं, याला एक पाखरू माफ करायला काय हरकत आहे, असं पाटलांनी विचारलं. लोकांनी माना डोलावल्या. राखणदाराला एक सूट असावी, असं चार जण एकदमच म्हणाले. रखमाजीनं नुसतं हो म्हणायचं बाकी होतं. तो हो म्हणाला असता तर बदक जन्मभर त्याचं राहिलं असतं आणि कुणीही त्याला बोट लावलं नसतं.

पण उगीच गप्प राहायला नको, म्हणून त्यानं आपला ठरवलेला जबाब सांगून टाकला.

"म्या ते पाळलेलं न्हाई, पाटील. नुसतं सांभाळतुया."

कोंडाबाई मागं बायकांत बसली होती. ती उठली. ती काही आता सूड उगवायला उठली नव्हती. तिला खरोखरच विचारायचं होतं.

"कुनाचं सांभाळताय, भावजी?"

रखमाजीला प्रश्न कळला नाही. कुणाचं म्हणजे काय, असं त्यानं विचारलं.

"माझ्या लेकीनं तिची पोर माझ्याजवळ ठिवली, तर म्या लेकीची पोर सांभाळते. शेजारनीनं शेळी बांधली, तर शेजारनीची शेळी सांभाळते. ज्येचं त्येला माघारी द्यायचं आसतं, त्येला सांभाळनं म्हंत्यात. माघारी द्यायचं नसंल तर ते पाळनं झालं. म्हून इचारते. हे कुनाचं?"

पाळणं आणि सांभाळणं हे दोन शब्द आपण रोज वापरतो, एकाच्या जागी दुसरा सहज ठेवतो. रखमाजीनंही ठेवला होता, आडोसा म्हणून. तोच आडोसा आपल्याला उघडं पाडील हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं खाली पाहिलं. बदक त्याच्या पायावर पाय देऊन उभं होतं आणि बांधलेला पंख झटकत होतं.

"तळ्याचं," तो म्हणाला.

"मग तळ्याला कवा देनार?"

उद्या, हा शब्द त्याच्या ओठावर आला होता. श्रावणापासून तो रोज उद्याच म्हणत आला होता. तो शब्द त्यानं गिळला, खाली बसला आणि दोऱ्याची गाठ सोडवली. पाटलांनी दिलेली सूट मला नको, असं त्यानं सांगितलं. मग तो कोंडाबाईकडे वळला. तुमची पाणकोंबडी मी पंख जुळायच्या आधी सोडायला लावली, ती मेली ती माझ्यामुळं, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. दुसऱ्याच्या वेळी मला नियम दिसला आणि पाखरू दिसलं नाही, माझ्या वेळी पाखरू दिसलं आणि नियम दिसला नाही, हेही त्यानं सांगितलं. कोंडाबाईनं मान हलवली. तिनं त्याला माफ केलं की नाही हे मला ठाऊक नाही, पण ती बसली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्या दिवशी पारावर नियमाला थोडी पुरवणी जोडली गेली. जखमी पाखरू दिसलं तर खुशाल उचलावं, पण गावाला सांगून उचलावं, आणि ते आपल्या पायांनी, आपल्या पंखांनी जगण्याजोगं झालं की त्याच दिवशी सोडावं. पाटलांनी हसणं थांबवून ते सगळ्यांकडून दोनदा म्हणून घेतलं.

रखमाजी तसाच तळ्यावर गेला आणि बदक पाण्यात सोडून आला. गोष्ट इथं संपायला हवी होती. पण ज्याला आपण आपल्या हाताची सवय लावतो ते हातातून सुटलं तरी सवय सुटत नाही. दिवे लागायच्या वेळी बदक दारात उभं. रखमाजीनं परत नेऊन सोडलं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा दारात. तान्हाईनं दार लावून घेतलं आणि दाराला पाठ टेकून रडत बसली. बाहेर ते चोच आपटत होतं.

एका दुपारी रखमाजी बांधावर आला. परगावची दोन माणसं काठावर बसून मुठीतले दाणे दाखवत होती, आणि बाकीची बदकं पाण्याच्या पार मधोमध गेलेली असताना हे एकटं त्यांच्याकडे तुरुतुरु चाललं होतं. एकाच्या मांडीवर पोतं तयार होतं. रखमाजी ओरडत धावला. माणसं पोतं टाकून पळाली. बदक बिचारं दाणे कुठं सांडले ते शोधत राहिलं.

तेव्हा रखमाजीला कळलं की आपण पाय बरा केला, पंख मोठे केले, पण रानातल्या पाखराला जगवणारी जी भीती असते ती मात्र काढून घेतली. आणि जी आपण काढून घेतली ती आपल्यालाच परत द्यायला हवी. दुसरं कोण देणार?

त्यानं बांधावरची ढेकळं गोळा केली. एक उचललं आणि बदकाच्या बाजूला पाण्यात फेकलं. बदक आनंदानं तिकडे वळलं. त्याला वाटलं, नेहमीसारखं खायला टाकलं. त्यानं पाण्यात चोच घालून शोधलं आणि मान वर करून रखमाजीकडे पाहिलं. त्यानं दुसरं फेकलं, बदक तिकडे गेलं. तो ओरडला, हातवारे केले, शिव्या दिल्या, तशा शिव्या त्यानं चोरालाही कधी दिल्या नव्हत्या. बदक पाण्यातून बाहेर आलं आणि नेहमीसारखं त्याच्या पायाशी यायला निघालं. तेव्हा रखमाजीनं डोळे मिटून एक ढेकूळ सरळ त्याच्यावर मारलं.

ते पाठीवर लागलं. बदक किंचाळलं आणि फडफडत पाण्यात शिरलं. थोड्या अंतरावर जाऊन थांबलं. रखमाजीला वाटलं, ते आता परत येईल, आणि आलं तर आपल्याच्यानं पुन्हा मारवणार नाही. पण ते आलं नाही. मधोमध थवा होता तिकडे ते पोहत गेलं. रखमाजी बांधावर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

त्या संध्याकाळी दारात कुणी आलं नाही. नंतरही नाही.

थंडी सरली. ऊन तापायला लागलं, तळ्याचं पाणी आटत चाललं. पाणी आटलं की ही बदकं थव्यानं मोठ्या नदीकडे निघून जातात. एका सकाळी रखमाजी बांधावर आला. त्याची चाहूल लागताच सगळा थवा पाण्यावरून उठला. पंखांचा एकच आवाज झाला. सगळी सारखीच, सगळ्यांच्या चोचीला हळद आणि कुंकू. रखमाजीनं कपाळाला हात लावून निरखून पाहिलं. त्यातलं आपलं कोणतं, ते त्याला ओळखता आलं नाही. एकानंही मागं वळून पाहिलं नाही.

तो घरी आला तेव्हा तान्हाई चुलीपाशी होती. तिनं विचारलं, "अवं, ते दिसलं का?"

"मला बघून सगळी उडाली," रखमाजी म्हणाला. "एकबी मागं ऱ्हायलं न्हाई."

आणि हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं आणि दुःखही. तान्हाईनं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि आपलं ताट घेऊन ती त्याच्याजवळ बसली.

तात्पर्य: वाचवलेला जीव आपल्याकडे सांभाळायला आलेला असतो, आपल्या मालकीचा झालेला नसतो, तो ज्याचा त्याला परत दिला, तरच आपण तो खरा वाचवला.